फ्रीझरमधला डबा

ब्लूबेरीच्या दोन पिशव्या, मागे वाटाणे,
त्यांच्याही मागे, तपकिरी कागदात गुंडाळलेला,
गिलेनच्या पोटाचा पुरावा.
रेजाँने तीन दिवस फ्रीझर उघडला नाही.
आइसक्रीमसुद्धा नको म्हणाला,
छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

बाहेर रिमूस्कीचा जानेवारी.
नदी इतकी रुंद की इथले लोक तिला समुद्रच म्हणतात,
आणि आता तीही आखडलेली, काठाकाठाने पांढरी.
गिलेन खिडकीतून बघत म्हणते,
हिला बरं, कुणी विचारत नाही
नक्की कुठे दुखतं म्हणून.

एकोणीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली.
स्टिअरिंगची थरथर मनगटातून खांद्यात,
खांद्यातून मानेत चढायची, रात्री उतरायची.
एका वर्षी उतरलीच नाही.
बस उभी, इंजिन बंद, किल्ली खिशात,
थरथर चालूच.
तिने दुखणं अंगावर काढलं,
मग अंगावर काहीच सोसेना:
स्वेटर नको, नातवाची मिठी नको,
शॉवरचं पाणी म्हणजे कुणी मूठभर खडे मारावेत तसं.
रक्त ठीक. एक्स-रे ठीक. सांधे वयाच्या मानाने उत्तम.
सगळे कागद तिच्याविरुद्ध साक्ष द्यायचे.
"तुझ्या डोक्यात आहे गं सगळं,"
नणंद ओदेत म्हणाली, पाय कापता कापता,
मोठा तुकडा तिलाच वाढत.

माँट्रियालची नेसरीन वयाने तिच्या मुलीएवढी.
तिने डोक्याचं नावच काढलं नाही.
म्हणाली, पोटात तुमच्या कोट्यवधी जीव राहतात,
तुमच्यासारखं दुखणाऱ्यांत
काही जाती कमी दिसतात, काही जास्त. कदाचित.
"आणि मला वाटायचं," गिलेन म्हणाली,
"रात्री तीनला मी एकटीच जागी असते."

पोटातून मेंदूकडे एक लांब मज्जातंतू जातो.
"दुहेरी रस्ता?" गिलेनने लगेच विचारलं.
दुहेरी. पण चढणीची वाहतूक जास्त,
निरोप बहुतेक खालून वर.
गिलेन हसली. सकाळची फेरीच ती!
मुलं बसमध्ये भांडली
की वर्गात दिवसभर धुसफुस.
आणि शरीराचा पहारेकरी?
तो असेल कायमच्या रात्रपाळीला,
झोप नाही, बदली नाही,
पान सळसळलं तरी शिटी फुंकतो. हेही कदाचित.
गिलेनने मोजले: अकरा कदाचित.

मग तिने विचारलं, आधी काय बदललं?
पोटातले जीव, की दुखणं आलं आणि ते बदलले?
मन खचलं म्हणून पोट बिघडलं,
की पोटाने मनाला खाली ओढलं?
"माहीत नाही," नेसरीन म्हणाली,
आणि पेन खाली ठेवलं.
आजवर सगळ्यांना सगळं माहीत होतं.
गिलेन पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली,
हीटर लावायचंही विसरली.

आज सकाळी कुरिअरवाला आला,
दाढीत बर्फ, हातात सहीचं यंत्र.
डबा देताना तिने त्याचं मनगट धरलं.
"उलटा करू नकोस," म्हणाली,
"वळणावर हळू. आत मुलं आहेत."
तो बावळटासारखा डब्याकडे बघत राहिला.

रेजाँने मग फ्रीझर उघडला,
आइसक्रीम काढलं, दोन चमचे.
गार चमच्याने तिच्या बोटांत कळ गेली.
"कुठे?" त्याने विचारलं.
तिने सांगायला सुरुवात केली.
यादी लांब होती,
आइसक्रीम वितळून गेलं.