तार्तू, तिसरा मजला

इल्मारने कोंबड्याला लंगोट शिवलाय,
जुन्या पडद्याचा, निळ्या फुलांचा.
पिल्लू आणलं तेव्हा ती कोंबडी वाटली होती.

सात वर्षं झाली. संध्याकाळी तो
मांडीवर चढतो, चोच
स्वेटरच्या बाहीत खुपसतो
आणि घशातल्या घशात काहीबाही सांगत राहतो.

रात्री इल्मार त्याला टॉवेलखाली झाकतो,
शेजारच्या लेइडाबाईंसाठी.
डिसेंबरात इथे आठ वाजले तरी
तांबडं फुटत नाही,
झाका नाहीतर उघडं ठेवा.

काल रात्री तीनला भूक लागली,
इल्मारने फ्रीज उघडला.
टॉवेल हलला.
बांग अशी, की खालची कुत्री उठली.

भिंतीपलीकडून लेइडाबाई:
"उजाडलं का?"

इल्मार लोण्याचा डबा धरून उभा.
"थोडंसं," म्हणाला.