सहा पानं

नेब्रास्कातली गोष्ट. अकरा पानांची.
सांगणारं माणूस 'आय' म्हणतं आणि कामाला लागतं.
पहिल्या पानावर ट्रकचं बॉनेट उघडतं,
दुसऱ्यावर गोठलेल्या जमिनीत वासरासाठी खड्डा खणतं,
मग तोंडात खिळे धरून कुंपण ठोकत राहतं.
बाई की बाप्या, इंग्रजी बोलत नाही.
सहाव्या पानावर बियाणं विकणारा पोरगा येतो,
टोपी काढून विचारतो,
मॅडम, घरात कुणी आहे का?
तिथे वाचणाऱ्याचं बूड खुर्चीत जरा सरकतं.
माझंही सरकलं होतं.

पाठाऱ्यांचा फोन. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा अडलाय,
आणि मराठीत ही लपवाछपवी चालत नाही,
पहिल्या ओळीतच ठरवून टाका, तो की ती.
वाचकाला उगाच कोड्यात कशाला?

कन्नमवार नगर. स्वयंपाकघरातलं टेबल.
लसणाची सालं बाजूला सारून कागद मांडले
आणि एक गंमत हाताला लागली.
मी बॉनेट उघडलं.
मी खड्डा खणला.
मी खिळे ठोकले, मी वासरू पुरलं, मी हात पुसले.
क्रियापद बॉनेटकडे बघतं, खड्ड्याकडे बघतं,
माझ्याकडे ढुंकूनही नाही.
हातात काही असेतो
मराठीत मी कुणीही.

पण दमणं आलं की संपलं.
दमले म्हण नाहीतर दमलो.
निघणं, घाबरणं, झोपणं,
रिकाम्या हातांनी जे जे करायचं
त्याच्या दारात चौकीदार.

मग सहा पानं तिला दमूच दिलं नाही.
मुळात ती दोनदा हसते.
तिथे 'हसू आलं' असं केलं.
आलं आपलं हसूच, नपुंसकलिंगी,
कुणाचं ते विचारू नका.

आई कुडाळची.
अभ्युदय नगरात तिसरा जिना चढतानाच ओरडायची,
मी इलंय!
बाबा रात्रपाळी संपवून यायचे, तेही,
मी इलंय.
शब्द तोच. कोण आलं ते चपलांवरून ओळखायचं.
शाळेत उशीर झाला तेव्हा दारातून मीही तेच म्हटलं.
टिपणीस बाईंनी वर्गासमोर उभं केलं.
मुलगी ना गं तू? 'मी आले' म्हण. दहा वेळा लिही.
दहा वेळा लिहिलं.
त्या दिवसापासून मी आले, गेले,
उठले, बसले,
लग्न होऊन इथे राहायला आले.

पहाटे साडेचारला बिंदेश्वर बेल वाजवतो.
पंपाने हवा धरलीये.
साहेब उठले का, हे आधी.
साहेबांना पंपाची खोली कुठे आहे तेही ठाऊक नाही,
सोसायटीच्या कागदांवर मात्र सही त्यांची.
मी पाना घेतला.
बूच काढलं, तांब्याने पाणी ओतलं,
बुडबुडे संपेपर्यंत ओतलं,
बूच आवळलं, बटण दाबलं.
पाइप थरथरला. चार मजले पाणी चढू लागलं.
बिंदेश्वर खूश. साहेबांना सांगा हं, चालू झाला.

गोष्टीचं शेवटचं वाक्य तीन शब्दांचं.
आय सॅट डाउन.
पोरगा निघून गेलाय, संध्याकाळ झालीये,
तिच्या हातात काही नाही.
आडोशाला एक कर्मसुद्धा नाही.

टाकीच्या झाकणावर, खिशातल्या पाणीबिलाच्या पाठीवर,
ग्रीस लागलेल्या बोटांनी लिहिलं
मी बसलंय.

पाठारे याला मुद्रणदोष समजतील,
लाल पेनाने एक मात्रा देतील.
देऊ देत.
प्रूफं शेवटी माझ्याकडेच येतात.