चार घरांत एक लाट

शिरीन म्हणाली, चाचा, शिट्टी वाजायलीय.
मी म्हणालो, कुठंय?
तेरा वर्षांची पोर, बापाच्या बँडचा अँप्लिफायर
माझ्या टेबलावर टेकवून, तोंड आंबट करून उभी.
मी स्पीकरच्या कागदाला कान लावला:
छताचा पंखा. वसमत रोडवरनं गेलेला एक ट्रक.
त्याच्या वर काहीच नाही,
आभाळ कुणी पुसून घेतल्यासारखं.

उद्या ये, म्हणालो.

एकतीस वर्षं कानावर दुकान चाललं.
कपॅसिटर सुकला की आवाज पोकळ होतो,
नॉब खराब असला तर खरखर,
अर्थिंग सुटलं की घुमतं, रिकाम्या रांजणात बोलल्यागत.
मीटर होता. पण मीटर किती ते सांगतो,
कसं ते सांगत नाही.

रात्री बहिणीच्या पोराला फोन लावला, सुमेधला,
नांदेडला इंजिनिअरिंगला असतो.
मामा, डिजिटल स्कोप घे, शंभर मेगाहर्ट्झचा,
चित्र साठवता येतं, बावीस हजारात बसेल.
मी म्हणालो, बाबा, गाण्याची दुनिया वीस हजार हर्ट्झला संपते,
माझी तर आता आठ हजारालाच संपायलीय.
शंभर मेगाहर्ट्झचं काय लोणचं घालू?
तो हसला.
मग त्याला आठ हजार ऐकू आलं, आणि गप्प झाला.

वहीत लिहिलं:
दोन चॅनल पाहिजेत. एक आत जाताना, एक बाहेर येताना,
मधे कुठं नासतं ते कळायला.
दोन मिलिव्होल्टपर्यंत दिसलं पाहिजे,
माइकची कुजबूज तेवढीच असते.
प्रोब दहापटीचा, चांगल्यातला, तिथं काटकसर नको.
आणि खाली दोनदा रेघ मारून:
ब्रिज अँपच्या काळ्या वायरला प्रोबचा चिमटा लावायचा नाही.
काळी दिसते म्हणून ती जमीन नसते.
जिंतूरच्या रशीदनं लावला होता,
वितळलेला चिमटा अजून गल्ल्यात ठेवलाय त्यानं.

डीजेवाल्या गोट्यानं खिशातला आणून दाखवला,
काडेपेटीएवढा पडदा, एकच चॅनल,
गोल लाट त्यात जिन्यासारखी, पायरी पायरी.
परत दिला.

मग तंत्रनिकेतनाचं भंगार निघालं.
वीस मेगाहर्ट्झ, काचेच्या नळीचा, आठ-नऊ किलोचा,
साडेचार हजार.
शिपाई म्हणाला, चालू होतो, पण गॅरंटी नाही बगा.
बटण दाबलं. तापल्या धुळीचा वास आला.
बराच वेळ काही नाही,
मग मधोमध हिरवा ठिपका,
आणि ठिपक्याची ताणून रेघ.
दोन नंबरचा नॉब फिरवला की रेघ उडी मारायची.
हसूच आलं. हा तर आपलाच पेशंट.
मोपेडवर पुढं घेऊन आलो, लेकरासारखा.

शिरीन आली, तेव्हा अँपच्या सप्लायवर प्रोब टेकवला.
सरळ पाहिजे ती रेघ
करवत होऊन बसली होती.
वीस मायक्रोसेकंदांचं एक घर,
चार घरांत एक लाट.
वहीच्या कडेला भागाकार केला:
साडेबारा हजार.
हीच ना? मी विचारलं.
तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
तुम्हाला ऐकायला आली?
दिसायली, म्हणालो.

दोन कपॅसिटर बदलले. दात झिजत झिजत
रेघ आडवी झाली, झोपली.
पोर कान देऊन उभी राहिली, मी तिच्या तोंडाकडं बघत,
कारण गेली की नाही
हे सांगायला दुकानात तीच एक होती.
तिनं मान हलवली.
शंभर रुपये कमी दिले बापानं, देतो म्हणाला.

शटर ओढायच्या आधी
प्रोबच्या टोकाला नुसतं बोट लावलं.
रेघ डुलायला लागली, जाड, संथ, पन्नासची,
गावातली सगळी वीज
भिंतींतून, हवेतून, माझ्या अंगातून वाहताना.
इतकी वर्षं हे चालू होतं
आणि मी मध्ये उभा.

दोन नंबरचा नॉब साफ करायचा राहिलाच.