एक लाख शंभर

मौनेश बडिगेरनं टेप ओढली, सोडली,
ती सरपटत डबीत परत गेली.
अकरा बाय तेरा. एकशे त्रेचाळीस फूट.
सातशेनं धरलं तर, तो म्हणाला, एक लाख शंभर.
मग माझ्या तोंडाकडं बघून,
वरचे शंभर सोडतो की ओ, काकू.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
तिसऱ्या मजल्यावर सागवानी जमीन असते का कुणाच्या?
आमच्या आहे. म्हणजे होती, गेल्या महिन्यापर्यंत.
भिंतीतला पाइप आतल्या आत झिरपत राहिला,
मला कळलं ते खोलीचं दार अडलं तेव्हा.
फळ्या मधेच वर आलेल्या,
झोपेत कुणी कूस बदलावी तशा.

ह्यांच्या फाउंड्रीची पेन्शन माझ्या वाट्याला
दोन हजार तीनशे चाळीस.
भागाकार मी रात्री कॅलेंडरच्या पाठीवर केला:
बेचाळीस महिने उपाशी राहिले
तर खोली सपाट होईल, वर थोडं देणं राहील.
सुलक्षणा हुबळीहून म्हणाली, टाइल घाल आई,
पंच्याऐंशी रुपये फूट, पुसायला सोपी.
खालच्या देसूरकर वहिनी म्हणाल्या, बरंच होईल,
तुमची पावलं मोजत झोपावं लागतं मला.

कॅम्पातला एक बंगला पाडताना
ह्यांनी लिलावात उचलली होती ही लाकडं.
टेम्पोचं भाडं मालाहून जास्त झालं
म्हणून मी दोन दिवस बोलले नव्हते.
मग पंधरा रविवार
रंध्याच्या सालपटी घरभर, आमटीतसुद्धा.

मौनेशनं पहार घालून पहिली फळी उलटी केली.
खाली आकडा, तापल्या खिळ्यानं डागलेला.
कन्नड.
दुसरीवरही. तिसरीवरही.
आणि प्रत्येकाशेजारी ह्यांचा मराठी आकडा,
पेन्सिल दाबून काढलेला, शाळकरी.

एक नोव्हेंबरला काळा सदरा घालून
फेरीत जाणारा माणूस.
बसवरचा नंबर मला वाचता येत नाही
म्हणून ताठ मानेनं सांगणारा,
आणि दुसऱ्याला विचारून चढणारा.
इथं पलंगाच्या जागी गुडघ्यांवर बसून
छप्पनपर्यंत शिकला होता.
कुणाकडून, ठाऊक नाही.
मदतीला एक म्हातारा यायचा खरा,
ताक मागायचा. नाव मी विचारलं नव्हतं.
दोन आणि तीन तेवढे दोन्हीकडं जवळपास सारखे.
तिथं ह्यांनी पुन्हा लिहिलेलं नाही,
नुसती पेन्सिल टेकवलीय.

सगळं कशाला काढायचं, मौनेश म्हणाला,
चौदा फळ्या गेल्यात. बाकीच्या घासू.
आधी पाइपाचं बघा, नाहीतर पुन्हा हेच.
चौदाचे चोवीस हजार पाचशे,
पॉलिश नव्वदनं, बारा हजार आठशे सत्तर.
वरचे सत्तर?
ते लागतील, म्हणाला.
खरं रंग जुळणार नाही, आत्ताच सांगतो.
खानापूरचा माल, अजून पोरगा आहे,
मुरायला दहा वर्षं.
दहा वर्षं मी कुठं आहे, म्हटलं.
तो म्हणाला, मग जुळला काय, न जुळला काय.

पोस्टातली ठेव मोडली.
खिडकीतल्या मुलीनं कारण विचारलं.
जमीन, म्हटलं.
अय्या, कुठं घेतलीत? म्हणाली.

काल नवी फळी बसवताना तो थांबला,
फळी पालथी धरून, कानामागची पेन्सिल काढत.
आकडा घालू काय, काकू?
घाल की.
कुठला, ते त्यानं विचारलं नाही.
मी चहा उतू जातोय का बघायला वळले होते.

तीन दिवस पाय ठेवायचा नाही.
गॅसच्या टाकीशेजारी अंथरूण घातलंय.
दारातून दिसतात चौदा गोऱ्या फळ्या,
पंगतीत उशिरा येऊन बसलेल्या.
साडेदहाला वहिनींचा फोन आला.
आज आवाज नाही तुमचा, म्हणाल्या,
बरं आहे ना?