बत्तीस उरले

पाचशे एकातून वजा करत जायचं
आणि बरोबर शून्यावर उतरायचं,
तेही काठावरच्या चिंचोळ्या पट्टीतून.
इड्वल प्रॉसरनं आयुष्यभर एवढंच केलं.
मायस्टेगच्या कामगार क्लबात
त्याची पहिली वजाबाकी खडूनं लिहिणारा मी.

पुढे मोठे हॉल, पाठीवर नाव कोरलेला जांभळा शर्ट,
बिअरचे ग्लास उंचावून ओरडणारी माणसं.
त्याची आई टीव्हीचा आवाज बंद करून बसायची,
आणि त्याची पाळी आली की
भांडी घासायला उठायची.

मग एका फेब्रुवारीत, लेस्टरला,
सोळाची दुहेरी हवी होती. बत्तीस.
हात वर गेला, कोपर स्थिर,
आणि बोटांनी बाण सोडलाच नाही.
पुन्हा नेम. पुन्हा तेच.
कुणीतरी हसलं. पंच खोकला.
बावीस ग्रॅम वजन, चिमणीहून हलकं,
आणि ते हातून सुटेना.

डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे.
त्यालाही ते माहीत होतं.

आता तो शाळेची मिनीबस चालवतो.
गुरुवारी क्लबात येतो,
माझ्या हातातला खडू काढून घेतो:
"तू फेक. मी लिहितो."
माझा बाण टेकायच्या आत त्याची बेरीज तयार असते.

काल मला बत्तीस उरले.
त्यानं पाठ फिरवली.
तारेवर आपटला की बाण टणकन वाजतो,
रुतला की नुसतं धप्प.
धप्प झालं.
मागे न बघता त्यानं शून्य काढलं
आणि बराच वेळ
तेच गिरवत राहिला.