आठवा भाग

कुलूप उघडलं तेव्हा घराला
आमचाच, पण जरा शिळा वास होता.
मढवीकाकूंनी कढीपत्त्याला पाणी घातलं होतं, इतकं
की कुंडीखालची ताटली भरून
बाल्कनीत एक छोटी खाडी झाली होती.
नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, तिसरा मजला.
बॅगा हॉलमध्येच आडव्या झाल्या,
आम्हीही.

काकू किल्ली द्यायला आल्या आणि म्हणाल्या,
तुम्ही गेलात अन् खाडीवर रोहित उतरले की हो,
गच्चीवरून नुसता गुलाबी पट्टा दिसायचा.
आम्ही तिकडे जीपचे अडीच हजार मोजून
दोन पक्षी पाहिले होते.
त्यातला एक बहुधा बगळा होता.

दोन दिवस नुसतं मशीन चाललं.
मोज्यांतून कच्छचं मीठ निघालं,
निहारच्या खिशातून दाबेलीचा कागद,
मामंजींच्या बंडीतून हॉटेलचे तीन साबण, वेष्टनासकट.
"असू देत, प्रवासात लागतात," म्हणाले,
प्रवास संपवून घरी आल्यावर.

परतीच्या बसमध्ये एक सिनेमा लावला होता,
आवाज बिघडलेला.
नायक रडतोय की शिंकतोय, कळेना.
मग हेरंबने त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केलं,
नायिकेकडे पाणीपट्टीची थकबाकी,
खलनायक म्हणजे लिफ्टवाला, जो उद्या येतो म्हणाला होता.
पुढच्या सीटवरचे लोकही वळून ऐकायला लागले.
घरी येऊन तो सिनेमा आवाजासकट शोधला,
वीस मिनिटांत बंद केला.
त्यात लिफ्टच नव्हती.

मालिकेचं मात्र वेगळं.
घड्याळजीचा खून, विहीर, एक कंपाउंडर, एक सावत्र भाऊ.
रोज रात्री एक भाग.
तंबूत टॅब पाण्याच्या बाटलीला टेकवून
पाच डोकी एका रजईत,
मामंजी मध्ये, कारण त्यांना कमी दिसतं,
आणि तेच आधी झोपतात.
सात भाग झाले. आठवा उतरलाच नाही,
रेंजच नव्हती तिथे.
घरी गेल्यावर, शनिवारी, सगळ्यांनी मिळून,
असं ठरलं. रेवाने शपथही घालून ठेवली.

मी मंगळवारी पाहिला.
घरी कुणी नव्हतं, धुणं होतं.
फोन मशीनवर ठेवला होता,
कपडे पिळायला लागल्यावर
खुनी त्याच्या कबुलीसकट थरथरत होता.

शनिवारी टीव्ही लावला.
आठव्या भागाखालची लाल रेघ
या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली.
मी तर फोनवर पाहिला होता, रेवाच्या खात्यावरून.
हा टीव्ही हेरंबच्या खात्यावर चालतो.
"पुन्हा सुरुवातीपासून पाहायचं?" टीव्हीने विचारलं.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
निहार पायाचं नख बघत होता,
हेरंबला अचानक चष्मा पुसायचा होता,
आणि रेवाने, जिने शपथ घातली होती,
न विचारता बटण दाबलं.

"दिवा घालवा," मामंजी म्हणाले, तंबूतल्यासारखंच.
घालवला.
त्रेचाळीस इंची पडद्यासमोर
आपापल्या खुर्चीत बसून काही जमेना.
रेवाने आतून रजई आणली.
नेरूळला कसली थंडी, पंखा चारवर,
तरी सगळे खाली सतरंजीवर आलो,
पाय मीठ लागल्यासारखे खरखरीत.

हेरंब, जो आठ दिवस सावत्र भावाला फाशी देत होता,
सहज म्हणाला, "मला आता कंपाउंडर वाटतोय."
"शी, काहीतरीच," रेवा म्हणाली. छान म्हणाली.
विहिरीच्या प्रसंगाला निहारने
पहिल्यांदाच डोळे झाकले नाहीत.
मामंजी जागे होते.
शेवटपर्यंत जागे, हाताची घडी घालून,
आमच्याकडे बघत, पडद्याकडे कमी.

मग दार उघडलं, औषधाची पेटी दिसली.
सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.
मी तोंडावर हात ठेवला,
जरा लवकरच.