मालाचे वर्णन

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसवर, पहाटे साडेचारला,
पावतीवरच्या 'मालाचे वर्णन' या रकान्यात
मी पुन्हा लिहिते: दगड, नग एक.
शिल्प लिहिलं की किंमत विचारतात.
मूर्ती लिहिलं की हमाल चपला काढतात
आणि मग पेटीला हात लावायला कुणी धजत नाही.

बसलेली बाई आहे आत. काळा बेसाल्ट,
एकशे चाळीस किलो, गुडघे छातीशी.
दिल्लीला गेली, न विकता आली.
बडोद्याला गेली. कोचीत तर
पाच आठवडे समुद्राकडे पाठ करून बसवली तिला,
उजेड बरा पडतो म्हणून.

भोपाळहून परतली तेव्हा डाव्या कानाची पाळी नव्हती.
दारुखान्यातल्या शेडमध्ये मी पेंढा चाळत बसले.
पलीकडे जहाजाचा पत्रा कापणं चाललेलं, ठिणग्या उंबऱ्यापर्यंत,
आणि हाताला लागेल तो खडा
मला कान वाटत होता.

मुस्तकीम सुतार नवी पेटी करत नाही.
"हीच जाईल अजून, खिळे बदलू फक्त."
फळ्यांवर खडूचे आकडे, चार गावांची अर्धवट सोललेली स्टिकरं,
कुणीतरी खिळ्यानं कोरलेला बदाम
आणि वर तोंड केलेला लाल बाण.
गाडीत जागा कमी पडली की बाण आडवा होतो.
म्हणजे माझी बसलेली बाई
अर्धा देश निजून पार करते,
आणि मी तिच्या मागोमाग, वेटिंगचं तिकीट घेऊन,
डब्याच्या दाराशी, पिशवीवर, गुडघे छातीशी.

यंदा विकलं काय? दोन पितळी टिटव्या,
नागपूरच्या एका दंतवैद्याला.
त्यात जयपूरचं भाडं निघालं, हमाली अंगावर आली.
वहीत तसंच लिहून ठेवलंय.

आता हैदराबाद.
अंबादास दोर आवळता आवळता विचारतो,
"दगड तर दगड, पण कसला?"
सांगते. बसलेली बाई.
तो दोर सैल सोडतो, पेटीभोवती एक फेरी मारतो.
"मग श्वासाला भोक नको का ठेवायला, ताई?
लांब जायचंय तिला."

मी हसते. सही करते. सुटे पैसे मोजते.
गाडी वळून पूर्व द्रुतगती मार्गाला लागते
तेव्हा आठवतं,
एका फळीतली गाठ कधीच निखळून पडलीय,
रुपयाएवढं भोक आहे तिथे.
डाव्या बाजूला. कानाशी.